सातव्या पानातलं टिंब

अण्णा, काल मी वर्गात तुमच्याविषयी खोटं बोलले. धडधडीत नाही, अर्धवट. तुम्ही पंचिंग खोलीत ज्याला "गपचिप चिकटवलेलं ठिगळ" म्हणायचात, त्या जातीचं. तुम्हाला जाऊन आता एकवीस वर्षं होतील, तेव्हा तुम्ही रागावण्याचा प्रश्न येत नाही. तरी कालपासून माझं कशात लक्ष नाही. आज शुक्रवार आहे, दम्माममध्ये सकाळी दहाला रस्त्यावर चिटपाखरू नसतं, दुपारची नमाज होईपर्यंत दुकानंही उघडत नाहीत. तुमचे जावई रास तनुऱ्याला आहेत, रिफायनरीचं शटडाऊनचं काम निघालंय, तीन आठवडे तिथल्याच कॅम्पात राहायचं. तुमची नात शिकायला लांब गेली. फोन केला की "आई, कॅन आय कॉल यू लेटर?" म्हणते आणि तो लेटर बहुतेक येत नाही. मराठीतून दोन वाक्यं सलग बोलून मला चार दिवस झाले. म्हणून डायनिंग टेबलावर वही घेऊन बसले आहे आणि तुमच्याशी बोलते आहे, दुसरं कोणी सापडलं नाही म्हणून म्हटलं तरी चालेल.

मी इथल्या इंडियन स्कूलच्या मुलींच्या विभागात कॉम्प्युटर शिकवते, हे तुम्हाला ठाऊक नाही. तुम्ही होतात तेव्हा मी इथं घरीच होते. आठवीच्या पुस्तकात पहिला धडा आहे, कॉम्प्युटरचा इतिहास. त्यात चार ओळी मागाबद्दल आहेत: पूर्वी कापडावर नक्षी विणण्यासाठी भोकं पाडलेली कार्डं वापरत, त्यावरून पुढे गणितयंत्रांना कल्पना सुचली, वगैरे. शेजारी एक एवढंसं चित्र. पंधरा वर्षं मी त्या चार ओळी वाचून पुढे जात आले. परीक्षेत फारतर एका मार्काला येतात. काल मात्र मी बरोबर आपल्या घरातली एक पट्टी नेली होती, तीच, खिडकीवरची, वीतभराहून थोडी लांब, कडेला पिवळी पडलेली. मुलींनी ती हातोहात फिरवली, भोकांतून एकमेकींकडे बघितलं, एकीनं तोंडाला लावून फुंकून पाहिली.

मग मी सांगत सुटले. तुम्ही मला सांगितलं होतं त्याच क्रमानं. की फार पूर्वी नक्षीच्या मागावर दोन माणसं लागायची, एक खाली बसून धोटा टाकणारा आणि एक वर बसून दोऱ्या ओढणारा. कुठल्या ओळीला कुठले धागे वर उचलायचे ते वरच्याला पाठ असायचं. की लहान नक्षीसाठी डॉबी आली, लाकडी पट्ट्यांत खुंट्या ठोकलेली, पण तिच्यावर फारतर चौकडी आणि बुट्टी निघायची, वेल निघायची नाही. मग फ्रान्सात कोणीतरी त्या वर बसणाऱ्या माणसाच्या जागी कागद बसवला. भोक असेल तिथं सुई आत शिरते, तिचा आकडा धाग्याला वर उचलतो; भोक नसेल तिथं धागा खाली राहतो. एका ओळीला एक पट्टी. हजार ओळींची वेल असेल तर हजार पट्ट्या, दोरीनं ओवून साखळी केलेल्या, मागाच्या डोक्यावरून फिरणाऱ्या. त्याला आमच्या सोलापुरात जकार्ड म्हणतात, आणि माझे वडील त्या पट्ट्या कापायचे, असं मी सांगितलं. एवढं सगळं खरं सांगितलं.

मग पुढं काय झालं, असं मुलींनी विचारलं. मी म्हटलं, पुढं कॉम्प्युटर आला, डिझाईन त्याच्यात चढवलं, कार्डं गेली. मागच्या बाकावरची हैदराबादची एक मुलगी आहे, एरवी खिडकीबाहेर बघत असते. तिनं विचारलं, "मॅम, फिर वो कार्डवाले अंकल लोग किधर गए?" मी म्हटलं, "उनको दूसरा काम मिल गया." तिनं पुन्हा विचारलं, "और कंप्यूटर में किसने डाला?" मी म्हटलं, "एक ऑपरेटर थी." तेवढ्यात बेल झाली. एवढी वर्षं ज्या बेलच्या नावानं मी कुरकुर करते, तिचे काल उपकार वाटले.

पट्टी नेण्याची बुद्धी मला का झाली ते सांगते. गेल्या आठवड्यात जुन्या बाजारात गेले होते. तिथं एका मलबारी माणसाचं दुकान आहे, पापडापासून प्रेशर कुकरच्या शिट्टीपर्यंत सगळं मिळतं. थंडी संपत आली की इथली माणसं वाळवंटात तंबू ठोकायला जातात, त्यांना खाली अंथरायला जाड चादरी लागतात. एक बाई चादरींचा ढीग उपसत होती, सोबतच्या पोरीला "यल्ला, यल्ला" म्हणत घाई करत होती. त्या ढिगातून एक निळी चादर घसरून माझ्या पायाशी आली, आणि अण्णा, कडेची वेल मी उघड्या दारातून येणाऱ्या उजेडात बघितली आणि ओळखली. देठ डावीकडून उजवीकडे झुकतो आणि पान त्याच्या विरुद्ध बाजूला वळतं, ती. तुमची वेल. रंग भलताच होता, सूतही हलकं होतं, पण वेल तुमची होती.

तुम्ही दिलेलं भिंग माझ्या पर्समध्येच असतं. धागे मोजायचं, पितळी घडीचं. औषधाच्या बाटलीवरची तारीख वाचायला आता तेच उपयोगी पडतं. मी तिथंच फरशीवर गुडघे टेकून बसले, अंगावरचा काळा अबाया आवरून घेतला, भिंग उघडून कापडावर ठेवलं आणि कोपऱ्यापासून पानं मोजू लागले. दुकानदार गल्ल्यावरून उठून आला. "मॅडम, क्या देख रहे हो? एकदम फर्स्ट क्वालिटी है, कोई डिफेक्ट नहीं मिलेगा." मी म्हटलं, "हाँ, वही देख रही हूँ." सातवं पान आलं. भरलेलं होतं. चौदावं बघितलं, एकविसावं बघितलं. सगळी पानं काठोकाठ भरलेली. त्या माणसाचं खरं होतं, चादरीत एकही डिफेक्ट नव्हता. मी ती घेतली, बसस्टॉपवर येऊन बसले आणि माझ्या घराकडची एक बस मुद्दाम जाऊ दिली.

तुम्हाला आठवतं का, मी नऊ वर्षांची असताना डबा घेऊन कारखान्यात आले होते. आपल्या मागांवर चादर उलटी विणली जायची, चांगली बाजू खाली. विणणाऱ्याला दिवसभर मागचीच बाजू दिसायची. नक्षी कशी उतरते आहे ते बघायला तो अधूनमधून कापडाखाली आरसा धरायचा. तुम्ही आरसा माझ्या हातात दिलात आणि म्हणालात, "वाकून बघ की नीट." मी बघितलं, आणि त्या थरथरणाऱ्या आरशात खालून वेल सरकत होती. मी पानं मोजली, कारण त्या वयात मी काहीही मोजायचे, आणि तुम्हाला मागाच्या आवाजात ओरडून सांगितलं की अण्णा, एका पानात टिंब राहिलंय. तुम्ही मला हाताला धरून बाहेर नेलंत. बाहेर लिंबाखाली डबा उघडलात, आईनं कडक भाकरी आणि शेंगाचटणी दिली होती. घास घेऊन म्हणालात, "ते राहिलं नाही गं. ठेवलंय. दर सातव्या पानात एक घर मोकळं सोडतो मी. मालकाला माहीत नाही. आपली खूण हाय ती." मी विचारलं, कशाला? तुम्ही म्हणालात, "मग कुठल्या बाजारात दिसली तर मला कळंल की."

हे मी पुढे विसरले, असं मी स्वतःला बरीच वर्षं सांगत आले.

तुमच्या पंचिंग खोलीचा वास अजून आठवतो, पुठ्ठ्याचा आणि तेलाचा. समोर ग्राफचा कागद लावलेला, त्यावर लाल रंगानं भरलेली घरं. तुम्ही एकेक ओळ वाचायचात आणि बोटांनी कळा दाबून पायाच्या दट्ट्यानं भोकं पाडायचात. लांबून बघणाऱ्याला वाटावं, पेटी वाजवताय. भोकांतून निघालेल्या टिकल्या आई गोळा करून आणायची आणि संक्रांतीला मला दागिन्यांवर चिकटवायला द्यायची. वाया गेलेल्या पट्ट्या आपल्या स्वयंपाकघराच्या फळ्यांवर अंथरलेल्या असायच्या, एक पट्टी खिडकीच्या फुटक्या काचेवर लावलेली होती, आणि सकाळी आई भाकरी थापताना तिच्या पाठीवर आणि परातीत उन्हाचे ठिपके पडायचे. दम्माममध्ये ऊन भरपूर आहे पण ते पडद्याबाहेर ठेवायचं असतं. एसी सुरू असतो आणि स्वयंपाकघरात ट्यूबलाइट.

बारावीनंतरच्या सुट्टीत मी तुमच्या हाताखाली पट्ट्या कापायला बसले. कारखान्यातली पहिली मुलगी. एकदा माझं भोक चुकलं. असं चुकलं की त्यावर पातळ कागदाचा तुकडा चिकटवायचा आणि त्या तुकड्यावर आपली सही करायची, हा तुमचा नियम. दुसऱ्या कुठल्या कारखान्यात असला नियम कोणी पाळत नव्हतं. मी तुकडा चिकटवला, सही केली नाही. तुम्हाला संध्याकाळी सापडला. तुम्ही सगळ्यांसमोर मला उभं केलंत. आवाज चढवला नाहीत, तेच वाईट होतं. "भोक कुणाचंबी चुकतंय. ठिगळ लावलं की निम्मं काम झालं. पण कुणी लावलं ते सांगायला पायजे, नाहीतर उद्या दुसऱ्याच्या डोक्यावर जातंय." सुताच्या कांड्या भरणाऱ्या बायका तोंडाला पदर लावून हसल्या. मी दोन दिवस तुमच्याशी बोलले नाही. तुम्ही तिसऱ्या दिवशी खारे शेंगदाणे आणलेत आणि विषय संपवलात. माझ्याकडून तो संपला नव्हता, हे तुम्हाला कळलं होतं का?

मग मी कॉम्प्युटरचा कोर्स केला. फी तुम्ही भरलीत, हौसेनं. मालकाच्या मुलानं परदेशातून इलेक्ट्रॉनिक जकार्ड आणायचं ठरवलं, कार्डांशिवाय चालणारं. जुनी डिझाईन स्कॅन करून साफ करायला माणूस हवा होता, आणि ग्राफ वाचता येणारं आणि कॉम्प्युटरही येणारं आख्ख्या गावात त्या वेळी फार कोणी नव्हतं. तुम्हीच माझं नाव सुचवलंत. पंचिंग खोलीच्या शेजारची गोदामाची खोली रंग देऊन एसी लावून मला दिली. मधल्या भिंतीतून तुमच्या दट्ट्याचा आवाज यायचा. तुम्ही पट्ट्या कापत होतात आणि मी त्या नकोशा करत होते, एकाच छपराखाली, आणि दुपारी आपण एकाच डब्यातून जेवत होतो. सुताच्या गड्ड्या वाहणाऱ्या मावशी येता-जाता म्हणायच्या, "कानामागनं आली अन् तिखट झाली." तुम्ही हसायचात. म्हणायचात, "होऊ दे की. माझीच हाय."

वेलीचा ग्राफ शेवटी आला. तुमच्या हातचा सगळ्यात जुना कागद, घडीवर फाटलेला. पडद्यावर मी तो मोठा केला आणि सातव्या पानाच्या पोटात ते एक मोकळं घर दिसलं. स्कॅनमध्ये असले डाग खूप असतात. धूळ, घडीची रेघ, उडालेला रंग. ते भरत जायचे, हेच माझं काम. मी ते घर भरलं. एक टिचकी. मालकाचा मुलगा पाठीमागे खुर्ची ओढून बसला होता, तो म्हणाला, "मस्त. आता एकदम क्लीन दिसतंय."

पहिला नग उतरला तेव्हा तुम्हाला बोलावलं. तुम्ही सवयीनं आरसा घेऊन आलात. नव्या मागावर त्याची गरज नाही म्हणून पोरं हसली. तुम्ही आरसा बाजूला ठेवलात, भिंग काढलंत. कोपऱ्यापासून बोट सरकवत गेलात. मी तुमच्या बोटाकडे बघत होते. ते सातव्या पानावर थांबलं. किती वेळ ते मला सांगता येणार नाही, पण नवीन मागाचा गडी "काय मास्तर, काय सापडलं?" म्हणेपर्यंत थांबलं. तुम्ही भिंग मिटलंत आणि म्हणालात, "नाही. स्वच्छ आलंय." रात्रीच्या जेवणाला आईला म्हणालात, "पोरीनं चांगलं काम केलंय." माझ्याकडे न बघता.

महिन्याभरात पंचिंग खोली बंद झाली. पट्ट्यांच्या साखळ्या टेम्पोत भरून रद्दीत गेल्या. तुम्हाला घडी खात्यात जागा देत होते, चादरींच्या घड्या घालायची. तुम्ही दोन दिवस गेलात आणि तिसऱ्या दिवशी पाय दुखतो म्हणालात. "दूसरा काम मिल गया", असं मी काल त्या मुलीला सांगितलं ते हे काम. त्यानंतर तुम्ही घराच्या ओट्यावर बसायचात, येणाऱ्याजाणाऱ्याची विचारपूस करायचात, आणि बोलता बोलता तुमचा उजवा पाय जमिनीवर दट्ट्या दाबल्यासारखा हलायचा. माझं लग्न झालं, मी दम्मामला निघाले, तेव्हा तुम्ही स्टँडवर माझ्या हातात भिंग ठेवलंत. "माझ्या डोळ्यास्नी आता ह्याचा उपयोग नाही. तुला लागंल." मी म्हटलं, अण्णा, तिथं कशाला लागेल? तुम्ही म्हणालात, "लागंल की."

तुम्ही गेलात तेव्हा मला लवकर येता आलं नाही. माझा इकामा, इथं राहायचा परवाना, नवऱ्याच्या नावावर, रिटर्न व्हिसाचा शिक्का त्याच्या ऑफिसातून यायचा, आणि नेमके सुट्टीचे दिवस होते. मी दहाव्याच्या आदल्या दिवशी पोचले. आईनं खिडकीवरची पट्टी काढून माझ्या हातात दिली, म्हणाली, दुसरं काही ठेवलं नाही त्यांनी. त्या पट्टीवर एका कोपऱ्यात पातळ कागदाचं ठिगळ आहे आणि त्यावर तुमची सही. म्हणजे तुमचंही भोक चुकायचं, हे मला तेव्हा कळलं.

आता जे सांगायला बसले ते सांगते. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात, पण ही मूठ माझ्याच्यानं आणखी झाकवत नाही. ते टिंब मला डाग वाटलं नव्हतं. मी विसरले नव्हते. पडद्यावर ते दिसलं तेव्हा मला लिंबाची सावली आठवली, शेंगाचटणी आठवली, "आपली खूण" हे शब्द तुमच्या आवाजात आठवले. मालकाच्या मुलाची भीती होती असंही नाही. त्याला सांगितलं असतं तर त्यानं खांदे उडवून राहू दिलं असतं. मला ती वेल माझी हवी होती, अण्णा. ते घर मोकळं होतं तोवर ती तुमची होती. सगळ्यांसमोर उभं केल्याचं मी चार वर्षं मनात धरलं होतं, आणि हातात माऊस होता. तेवढंच. वाईट याचं वाटतं की एवढं करूनही ती माझी झाली नाही. गेल्या आठवड्यात दुकानात मी ती बघितली तेव्हा ती कुणाचीच नव्हती.

काल शाळेतून आल्यावर मी एक वेडेपणा केला. निळी चादर टेबलावर पसरली, सुई घेतली आणि सातव्या पानातून तेवढा एक धागा सोडवायला बसले. तुम्ही असतात तर पहिल्याच टाक्याला हात धरला असतात. विणून झालेल्या कापडात टिंब मोकळं करता येत नाही, नुसतं भोक पडतं. पडलं. करंगळी जाईल एवढं. मग मी शिवणाच्या डब्यातून पांढऱ्या कापडाचा तुकडा काढला आणि मागून ठिगळ लावलं, नीट, बारीक टाक्यांनी.

रविवारी शाळा आहे. त्या मुलीला सांगायचं ठरवलं आहे की ऑपरेटर कोण होती. सांगेन की नाही, आत्ताच काही सांगता येत नाही, रविवारची मी वेगळी असते. बाहेर बांग झाली, आता थोड्या वेळानं रस्त्यावर माणसं दिसतील. हे पत्र टाकायला पत्ता नाही, ते चादरीच्या घडीतच राहील. ठिगळावर सही करायला हवी, तेवढ्यासाठी मी मार्कर पेनसुद्धा काढून ठेवलं आहे. कालपासून त्याचं टोपण उघडं आहे आणि मी अजून सही केलेली नाही.